युद्धाच्या शेवटच्या वर्षातल्या वह्या

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हिटलर, हिरोशिमा आणि शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या. त्यात आपल्या जळगाव-धुळ्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही कॉलेजात मराठी साहित्याचा इतिहास शिकताना तसंच वाटायचं. पण त्या युद्धाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, १९४४ साली, मराठी साहित्य संमेलन भरलं होतं ते आपल्या धुळ्यात! आणि आज आपण जिला मराठीची थोर कवयित्री म्हणतो, ती बाई त्याच वेळी नव्वदेक किलोमीटरवर जळगावात होती. तिच्या ओव्या घरच्यांनी वहीत उतरवल्या होत्या, पण त्या वहीबद्दल बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मैत्रिणींनो, आज या दोन गोष्टींबद्दलच बोलायचं आहे. एक मांडवातली आणि एक माजघरातली.

धुळ्याचा मांडव

तेव्हा जळगाव हे पूर्व खान्देशाचं आणि धुळे हे पश्चिम खान्देशाचं मुख्य ठिकाण होतं. दिवस फार कठीण होते. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत नंदुरबारचा कोवळा शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले, ती जखम ताजी होती. अमळनेरच्या लीलाताई पाटलांसारख्या बायका तुरुंग भोगून, तिथून निसटून भूमिगत झाल्या होत्या. १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याजवळ चिमठाण्याला क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. सगळीकडे पोलिसांचा पहारा, घरात धान्याची चणचण, रॉकेलची चणचण, कापडाची चणचण. बंगालमध्ये तर आदल्याच वर्षी दुष्काळाने लाखो माणसं गेली होती.

अशा दिवसांत धुळेकरांनी संमेलन भरवलं. अध्यक्ष होते मामा वरेरकर. आजच्या मुलींना हे नाव कदाचित माहीत नसेल, पण आपल्या आज्या-पणज्यांना ते चांगलं ठाऊक होतं. ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या प्रश्नावरचं नाटक त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलं. ‘विधवा कुमारी’ ही कादंबरी त्यांचीच. गिरणी कामगारांवरची ‘धावता धोटा’ त्यांचीच. आणि शरच्चंद्र चटर्जींच्या बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या त्याही त्यांनीच. दुपारची कामं आवरून पदराने डोळे पुसत शरदबाबू वाचणारी एक अख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेली, तिला ही पुस्तकं मामांमुळे मिळाली.

त्यानंतर १९४५ साली संमेलन झालंच नाही. पुढचं भरलं ते १९४६ मध्ये बेळगावला, युद्ध संपल्यावर. म्हणजे युद्धकाळातलं शेवटचं संमेलन धुळ्याचं. आपल्या खान्देशाला याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तोपर्यंत संमेलनाच्या अध्यक्षपदी एकही बाई बसलेली नव्हती. तो मान पहिल्यांदा मिळाला कुसुमावती देशपांडे यांना, १९६१ साली, ग्वाल्हेरला. म्हणजे धुळ्यानंतर सतरा वर्षांनी!

कागद महाग, शब्द नवे

युद्धामुळे १९४२ पासून कागदावर नियंत्रण आलं होतं. मासिकांची पानं कमी झाली, पुस्तक छापणं अवघड झालं. गंमत अशी की नेमक्या याच टंचाईच्या काळात मराठीत नवं लेखन उगवत होतं. बडोद्याहून पु. आ. चित्रे यांचं ‘अभिरुची’ मासिक १९४३ मध्ये सुरू झालं. पु. ल. देशपांड्यांचं ‘भय्या नागपूरकर’ हे व्यक्तिचित्र १९४४ मध्ये त्यातच आलं. तेव्हा पु. ल. पंचविशीतले! गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा युद्ध संपता संपता बाळसं धरू लागली. कथेत आता फक्त ‘पुढे काय झालं’ नव्हतं, माणसाच्या मनात काय चाललंय तेही येऊ लागलं.

आणि कवितेत आले बा. सी. मर्ढेकर. तेही आपलेच. जन्म १९०९ चा, फैजपूरचा. काही शिक्षण धुळ्यात झालेलं. पुढे ते विलायतेला जाऊन आले, रेडिओत नोकरीला लागले. त्यांची १९३९ च्या ‘शिशिरागम’मधली कविता हळुवार होती. युद्धाची वर्षं गेली आणि त्याच माणसाच्या कवितेत पिंपातले मेलेले उंदीर आले, यंत्रं आली, शहरात चेपून गेलेला माणूस आला. १९४७ च्या ‘काही कविता’ने तर एवढी खळबळ उडवली की अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. कॉलेजात ती उंदरांची कविता आम्हाला काही कळली नव्हती. आता रोज बातम्यांत युद्धं बघताना कळते. माणूस किडामुंगीसारखा मरायला लागला की कविता गोड कशी राहणार?

साने गुरुजी या काळात तुरुंगात होते. १९४३ साली त्यांना पकडलं, ते सुटले १९४५ च्या सुरुवातीला. ‘श्यामची आई’ त्यांनी आधीच, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात लिहिली होती. विनोबांची गीता प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली, ती भराभर लिहून घेतली तीही गुरुजींनीच. याच गुरुजींनी आयाबायांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं, हे मात्र फार थोड्या जणींना माहीत असतं. दळताना-कांडताना म्हटलेलं ते साहित्य आहे, ते छापायला हवं, असं ज्यांना तेव्हा वाटलं त्यांत आपले गुरुजी होते.

आणि बायका? त्या लिहीत नव्हत्या का? लिहीत होत्या! किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३० पासून निघत होतं. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्येच ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून वादळ उठवलं होतं, पण विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड लपून. इंदिरा संतांच्या कविता १९४० मध्ये आल्या, त्या ‘सहवास’ या संग्रहात, पतीच्या कवितांसोबत. बाईला लिहायचं तर असा काहीतरी आडोसा लागायचा. ज्यांना लिहिताच येत नव्हतं, त्यांचं तर विचारूच नका.

जुन्या जळगावातली बहिणाबाई

बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. जन्म १८८० चा. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात लेकरं, शेतीचा गाडा. अक्षर ओळखता येत नव्हतं. १९४४ मध्ये त्या चौसष्टीच्या घरात होत्या. जळगावच्या चौधरी वाड्यातून शेतात आणि शेतातून जात्यावर, असं आयुष्य गेलेलं. आणि तोंडाने ओवी सुरू!

त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. तो आणि मावसभाऊ पितांबर यांनी आईच्या तोंडून निघेल ते वेळोवेळी वहीत उतरवून ठेवलं. जात्यावरच्या ओवीवर काही सन-तारीख नसते, पण युद्धाच्या त्या वर्षांत ती वही घरातच राहिली. धुळ्याच्या मांडवात केवढं साहित्य, केवढे साहित्यिक जमले असतील! पण बहिणाबाईंच्या कविता पुस्तकरूपाने तेव्हा कुठेच नव्हत्या.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हेच अत्रे १९४२ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांनी एका नजरेत सोनं ओळखलं आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर आली. आज आपल्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. पण स्वतःचं पुस्तक बघायला त्या नव्हत्या, ही रुखरुख मला कायम वाटते.

आणि तिकडे ॲमस्टरडॅमला

त्याच १९४४ च्या मार्च महिन्यात हजारो मैलांवर हॉलंडमध्ये एक चौदा वर्षांची ज्यू मुलगी घरच्यांबरोबर लपून बसली होती. ॲन फ्रँक तिचं नाव. एका रात्री रेडिओवर हॉलंडच्या मंत्र्यांचं भाषण लागलं. युद्धाच्या काळातली सामान्य लोकांची पत्रं, डायऱ्या जपून ठेवा, पुढे त्या गोळा करू, असं ते सांगत होते. ते ऐकून त्या पोरीने आपली डायरी नव्याने नीट लिहायला घेतली. ऑगस्टमध्ये ती पकडली गेली. १९४५ च्या सुरुवातीला, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, छळछावणीत आजारपणात गेली.

पण डायरी राहिली. का राहिली? त्या कुटुंबाला मदत करणाऱ्या मीप खीस या बाईने जमिनीवर विखुरलेले ते कागद गोळा केले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले. वाचलेसुद्धा नाहीत, फक्त जपले. वडील परत आल्यावर त्यांच्या हातात दिले आणि १९४७ मध्ये पुस्तक निघालं.

एक शिकलेली शहरातली मुलगी, एक निरक्षर शेतकरी बाई. पण दोघींचं लेखन आपल्यापर्यंत आलं ते एकाच कारणाने. घरातल्या किंवा जवळच्या कुणाला तरी वाटलं की हे टाकून देऊ नये.

रद्दीत गेलेली वही

आमच्या बचत गटात एक मैत्रीण आहे. तिच्या आजेसासूबाई चौथी शिकलेल्या. युद्धाच्या काळात त्या नव्या नवरी होत्या. कोरा कागद मिळायचा नाही, म्हणून दुकानाच्या जुन्या हिशेबाच्या वहीत, पाठकोऱ्या पानांवर त्या गाणी लिहायच्या. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी आणि काही स्वतः जुळवलेली. जुनं घर पाडलं तेव्हा माळ्यावरची ती वही पेपरांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेली. किलोवर!

उरली ती फक्त दोन पानं, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अंथरलेली. मैत्रिणीने ती मला दाखवली. एका पानावर कुणाकडून किती ज्वारी उसनी आणली त्याची यादी. दुसऱ्यावर अर्धवट गाणं. कापड मिळत नाही, पातळाला ठिगळं लागली, आता माहेरी कोणत्या तोंडाने येऊ, असं भावाला विचारणारं. पुढचं पान नाही. भाऊ न्यायला आला की नाही, ते आता कधीच कळणार नाही.

सांगा मैत्रिणींनो, हे युद्धकाळातलं साहित्य नाही का? रणांगणावरच्या कविता पुष्कळ असतील, पण युद्धाने खान्देशातल्या सुनेच्या पातळाचं काय केलं, हे दुसरं कोण लिहिणार होतं?

आपल्या हातात काय आहे?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे जुने कागद गोळा करायचे. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी धुळ्यात उभं राहिलं. पण राजवाडे काही आपल्या प्रत्येकीच्या घरी येणार नाहीत. हे काम आपल्यालाच करावं लागेल आणि ते अवघडही नाही.

घरात नव्वदीच्या आजी असतील तर दुपारी त्यांच्याजवळ बसा. ‘रेशन कसं होतं, काय खायचात, गाणी कोणती म्हणायचात’ असं विचारा. आपल्या सगळ्यांकडे मोबाइल आहे, त्यात आवाज भरून घ्या. गाणं अहिराणीत असेल तर अहिराणीतच राहू द्या, लेवा बोलीत असेल तर तसंच. शुद्ध करायला जाऊ नका! बहिणाबाईंची बोली कुणी ‘सुधारली’ असती तर काय उरलं असतं? खाली आजीचं नाव, माहेर-सासरचं गाव आणि तारीख लिहा. वही सापडली तर आधी झेरॉक्स काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरताना रद्दीचा गठ्ठा बांधण्याआधी पानं चाळा. तेवढा अर्धा तास द्याच.

२०२४ मध्येही साहित्याचा मांडव खान्देशात आला होता, अमळनेरला. नगरीला नाव होतं साने गुरुजींचं. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी दिल्लीच्या संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं डॉ. तारा भवाळकर यांना. त्यांचा अभ्यासाचा विषय कोणता, माहीत आहे? लोकसाहित्य! बायकांच्या ओव्या, गाणी, कहाण्या. धुळ्याच्या संमेलनानंतर ऐंशी वर्षांनी का होईना, जात्यावरच्या ओवीला मांडवात मानाची जागा मिळाली.

आपल्या गावातल्या किती ओव्या अजून माळ्यावर आहेत, ते मात्र आपल्यालाच चढून बघायला हवं. त्या वेळचं सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. तेव्हा या रविवारी टीव्ही बंद करा आणि आजींजवळ जाऊन बसा!