तिरप्या माणसाचं गणित

जिममधल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर आकडा असतो. डंबेलवर ५, १०, साडेबारा. बारच्या प्लेटवर १५ किंवा २०. केबल मशिनच्या लोखंडी विटांवर तर वरपासून खालपर्यंत आकडेच आकडे. एका कोपऱ्यात मात्र कडीला अडकवलेले दोन नायलॉनचे पट्टे लोंबत असतात. टोकाला हातात धरायच्या मुठी आणि मुठींखाली पाय अडकवायचे लूप. त्यावर आकडा नाही, कारण लिहिण्यासारखं वजनच त्यात नाही. अख्खं साधन किलोभराच्या आसपास भरतं. शास्त्रशुद्ध नाव सस्पेन्शन ट्रेनर, पण जिममध्ये कुणी तसं म्हणत नाही. टीआरएक्स ही त्यातली एक कंपनी, आणि आता सगळ्याच पट्ट्यांना तेच नाव चिकटलंय.

या पट्ट्यांवर सकाळी सातला गुडघे कुरकुरणाऱ्या सत्तरीतल्या आजी व्यायाम करतात आणि साडेसातला त्याच मुठी एखादा कसलेला पहिलवान हातात घेतो. मधल्या वेळात कुणी प्लेट चढवलेली नसते, पिन हलवलेली नसते, दांडकं बदललेलं नसतं. तरी दोघांनाही पुरेपूर दम लागतो. हे कसं होतं, याचं उत्तर दहावीच्या त्रिकोणमितीत आहे.

पट्ट्याकडे तोंड करून उभे राहा, मुठी धरा आणि अंग ताठ ठेवून मागे रेला. टाचा जमिनीवर, हात सरळ. आता तुमचं शरीर म्हणजे टाचेपाशी बिजागरी असलेली एक तिरपी फळी झाली. गुरुत्वाकर्षण ती फळी खाली पाडू पाहतं, आणि पट्ट्यामार्फत तुमचे हात ती अडवून धरतात. सरळ उभं असताना हातांवर काहीच भार नसतो, कारण सगळं वजन पायांतून जमिनीत जातं. जसजसं तुम्ही रेलता, तसतसा हातांचा वाटा वाढतो. तो कोनाच्या साइननुसार वाढतो.

ढोबळ हिशेब मांडून बघू. माणूस ६० किलोचा आहे. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरासा खाली, म्हणजे उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. खांदे ८० टक्क्यांच्या किंचित वर. पट्टा शरीराशी जवळपास काटकोनात ओढतोय असं धरलं, तर पूर्ण आडवं झाल्यावर हातांवर वजनाचा दोन तृतीयांश भाग येतो: ४० किलो. १५ अंश रेललं तर १० किलो. ३० अंशांवर २०. ४५ अंशांवर २८. म्हणजे एकाच पट्ट्यात शून्यापासून ४० किलोंपर्यंतचं प्रत्येक वजन दडलेलं आहे, आणि तेही अर्ध्या किलोच्या, पाव किलोच्या फरकाने. इतकी बारीक उतरंड डंबेलच्या रॅकवर मिळत नाही. भार वाढवायचा तर टाचा कडीच्या दिशेने सरकवायच्या, कमी करायचा तर मागे घ्यायच्या. दहावा झटका मारताना हात थरथरायला लागले तर तिथल्या तिथे एक पाऊल मागे घ्यायचं आणि उरलेले दोन पूर्ण करायचे.

मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती साइनच्या आलेखाची. पहिल्या ३० अंशांत भार शून्यावरून २० किलोंवर जातो. शेवटच्या ३० अंशांत, म्हणजे ६० ते ९० मध्ये, जेमतेम ५ किलो वाढतात. नवख्या माणसाला वीतभर पाऊल सरकवल्याचा फरक लगेच कळतो, तो यामुळे. मग कसलेल्यांना जवळजवळ आडवं होणं एवढं जड का जातं? कारण तिथे हातांपेक्षा मधल्या धडाची परीक्षा असते. फळी जितकी आडवी, तितकी ती मध्ये वाकू पाहते. कंबर खाली लोंबू लागते, आणि तिला सरळ ठेवायचं काम पाठीच्या, कुल्ल्यांच्या आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंवर येऊन पडतं. हात अजून तयार असतात, पण कमरेने हार मानलेली असते.

पट्ट्यांची दुसरी करामत कोनाशी नाही, हलण्याशी संबंधित आहे. जमिनीवर जोर मारताना तळवे जागचे हलत नाहीत. घर्षण ते धरून ठेवतं. तळव्यांखालून जमीन काढून घेतली आणि त्यांना मुठींवर टेकवलं की प्रत्येक हात एक स्वतंत्र लंबक होतो. तो पुढे जाऊ शकतो, मागे जाऊ शकतो, बाहेरच्या बाजूला फाकू शकतो. आता छातीचे मोठे स्नायू ढकलण्याचं काम करतात तेव्हा खांद्याच्या खोबणीभोवतीचे चार छोटे स्नायू, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, हाडाचा गोळा खोबणीत मधोमध ठेवण्यासाठी क्षणोक्षणी ताण कमी-जास्त करत राहतात. पोटाचे स्नायूही आवळले जातात. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंची विद्युत हालचाल मोजणाऱ्या प्रयोगांत हे दिसून आलंय: तोच जोर पट्ट्यावर मारला तर पोटाचे स्नायू जमिनीवरच्या जोरापेक्षा जास्त कामाला लागतात.

हे सगळं आपण ठरवून करत नाही, करूही शकणार नाही. प्रत्येक स्नायूच्या आत ताण ओळखणाऱ्या सूक्ष्म चात्या असतात आणि स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेत ओढ मोजणारे संवेदक. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं ते त्यांच्यामुळे. या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं. पुढे १९३२ मध्ये चेतापेशींवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. हलत्या पट्ट्यावर तोल सांभाळताना ही यंत्रणा अखंड राबत असते.

त्याहून थक्क करणारी गोष्ट १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवली. माणसाला हात उचलायला सांगितला, तर हात हलवणारा खांद्याचा स्नायू सुरू होण्याच्या आधीच पोटाचा सगळ्यात आतला, पट्ट्यासारखा आडवा स्नायू आवळलेला असतो. मेंदू आधी खांब पक्का करतो, मग फांदी हलवतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र ही आगाऊ तयारी उशिरा होताना दिसली. पट्ट्यावरच्या व्यायामाने ही सवय हमखास दुरुस्त होते असा दावा कुणी केला तर मी मान डोलावणार नाही; कंबरदुखी इतकी सरळ गोष्ट नाही. पण हात-पाय हलत असताना धड स्थिर ठेवायचा सराव या साधनावर सतत घडतो, एवढं निश्चित.

या पट्ट्यांचा जन्म कुठल्या प्रयोगशाळेत झालेला नाही. रँडी हेट्रिक हे अमेरिकी नौदलाच्या सील तुकडीतले अधिकारी. १९९७ च्या सुमारास आग्नेय आशियात एका मोहिमेवर असताना जहाजांच्या बाजूंनी वर चढण्यासाठी लागणारी ओढायची ताकद टिकवायची होती, आणि जवळपास जिम नव्हती. हेट्रिक स्वतः सांगतात की चुकून सामानात आलेला जुजुत्सूचा कमरपट्टा त्यांनी गाठ मारून दारात अडकवला, बंद दाराच्या फटीतून आलेल्या त्या पट्ट्याला धरून मागे रेलले आणि अंग वर ओढू लागले. पुढे पॅराशूटच्या पट्ट्या शिवून त्यात सुधारणा झाल्या. नौदल सोडल्यावर त्यांनी स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि मग कंपनी काढली. २०२२ मध्ये त्या कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली जावं लागलं आणि हेट्रिक पुन्हा तिच्यात परतले. जो माल दहा वर्षं झिजत नाही आणि ज्याला जोडीला दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही, त्याचा धंदा करणं अवघडच म्हणायचं.

टांगून व्यायाम करण्याची कल्पना मात्र हेट्रिकच्या कितीतरी आधीची. जिम्नॅस्टिक्सच्या रिंगा १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही होत्या. आजच्या नियमांनुसार त्या साडेपाच मीटरांहून उंच चौकटीला टांगलेल्या असतात. आपल्याकडे दोरीचा मल्लखांब आहे. मल्लखांबाला नवं रूप देण्याचं श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांना दिलं जातं. दोरीला एकही गाठ न मारता, नुसत्या अंगाच्या आढ्या घालून मुलंमुली वर चढतात, पायाच्या अंगठ्याच्या पकडीवर स्वतःला तोलतात. पाहताना श्वास रोखला जातो. पण रिंग असो की दोरी, पहिल्या दिवसापासून संपूर्ण अंगाचं वजन पेलावं लागतं. तिथे २५ टक्के किंवा ४० टक्के नावाची पायरीच नाही. ज्याच्या हातात ताकद नाही त्याने आधी ती दुसरीकडून कमावून यायची. पट्ट्यांनी नेमका इथे फरक केला: पाय जमिनीवर राहू दिले. जमीन आणि दोर यांच्यात वजनाची वाटणी झाली, आणि वाटणीचं प्रमाण ठरवायचा हक्क व्यायाम करणाऱ्याकडे आला.

ही वाटणी दुर्बलांच्या किती कामाची, हे रुग्णालयांना तर आधीच माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑलिव्ह गथ्री-स्मिथ या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट रुग्णाचा अशक्त हात किंवा पाय झोळीत टांगून व्यायाम करून घेत. झोळीने अवयवाचं वजन उचललं की क्षीण झालेला स्नायूही तो हलवू शकतो. नॉर्वेत १९९१ पासून रेडकॉर्ड नावाची दोरांची उपचारपद्धती याच तत्त्वावर वापरली जाते.

आता पुन्हा त्या सत्तरीतल्या आजींकडे. त्या मुठी धरून हळूहळू खाली बसतात आणि उठतात. आधाराशिवाय बैठक मारली तर गुडघे आणि मांड्या दोन्ही नाही म्हणतात. मुठींवर थोडा भार टाकला की जमतं. महिन्या-दोन महिन्यांनी हातांवरचा भार आपोआप कमी होतो. संडासात, बसमध्ये, खाली सतरंजीवरून उठताना जी ताकद लागते ती हीच, आणि वयाबरोबर आधी जाते तीही हीच. शेजारचा पहिलवान त्याच मुठींच्या आधाराने एका पायावर पूर्ण खाली बसतो. धावणारा मुलगा एक पाय मागे लूपमध्ये अडकवून पुढच्या पायाने बैठका मारतो. ज्याला पुलअप एकही येत नाही त्याला तिरपं होऊन ओढण्याचा व्यायाम हाच त्या दिशेचा पहिला रस्ता.

लूपमध्ये दोन्ही पाय अडकवून तळव्यांवर प्लँक धरला, की लंबकाचं गणित सुरू होतं. पाय कडीच्या बरोबर खाली असतील तर पट्टा फक्त वर उचलतो. हात कडीपासून दूर सरकवले की पट्टा तिरपा होतो आणि पायांना मागे ओढू लागतो, जणू तुम्हाला ताणून सरळ करायचंय. ते ओढणं पोटाने थोपवायचं. दोन इंच पुढे सरकल्यावर तोच प्लँक अनोळखी वाटतो.

सगळं याच्यावर होत नाही, हेही सांगायला हवं. पायांची खरी ताकद वाढवायची असेल तर खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकीला पर्याय नाही. स्वतःच्या वजनापलीकडचा भार पट्टा देऊ शकत नाही. हाडांच्या मजबुतीसाठीही कधीतरी लोखंड उचलावंच लागतं. आणि जाहिरातींत दिसणारे, दोन्ही पाय हवेत घेऊन अंग घडीसारखं मिटवण्याचे प्रकार पहिल्या महिन्यात करायचे नसतात. खांदा निखळण्याचा इतिहास असलेल्यांनी, दुखऱ्या गुडघ्यांच्या लोकांनी आणि बाळंतपणानंतर लगेच सुरू करू पाहणाऱ्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

घरी लावणार असाल तर कडी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुन्या वाड्यात झोपाळ्याची कडी असेल तर ती आधी स्वतः लोंबकळून नव्हे, माहीतगार गवंड्याकडून तपासून घ्या. पंख्याच्या हुकाला हातही लावू नका. दारावर अडकवायचा पट्टा मिळतो, पण दार तुमच्याकडे ओढल्यावर बंद होणारं हवं, म्हणजे तुमचा भार ते आणखी घट्ट मिटवेल. आतून कडी लावा आणि घरात सांगून ठेवा की हे दार आता अर्धा तास उघडायचं नाही. पहिल्या दिवशी १५ अंशांपेक्षा जास्त रेलू नका.