न्यायमूर्ती तुरुंगात गेले!

मुलांनो, न्यायाधीश काय करतात, असं वर्गात विचारलं की हमखास एकच उत्तर येतं. "चोरांना तुरुंगात पाठवतात!" आज मी तुम्हाला अशा एका न्यायमूर्तींची गोष्ट सांगणार आहे, जे वयाच्या शहात्तराव्या वर्षी स्वतःच तुरुंगात गेले. त्यांनी चोरी केली नव्हती, लबाडीही केली नव्हती. गेले ते मिठासाठी.

त्यांचं नाव अब्बास तय्यबजी. जन्म १ फेब्रुवारी १८५४, गाव बडोदा.

आता बडोदा म्हटलं की आधी 'संस्थान' म्हणजे काय ते समजून घेऊ. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा सगळा देश काही ते थेट चालवत नव्हते. साडेपाचशेहून जास्त राजे, महाराजे, नवाब आपापल्या मुलखात राज्य करत. काही संस्थानं एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान, तर हैदराबाद, म्हैसूर, बडोदा अशी काही मोठी. राजाचा स्वतःचा खजिना असे, पोलीस असत, कोर्टकचेऱ्या असत. फक्त दरबारात इंग्रजांचा एक 'रेसिडेंट' बसलेला असे. राजा काय करतो, कुणाला भेटतो, याच्यावर त्याचं बारीक लक्ष!

बडोद्याचं राज्य गायकवाडांचं, म्हणजे मराठ्यांचं. प्रजा मात्र बहुतेक गुजराती. नकाशात ते राज्य पाहिलंत तर गंमत वाटेल. एक तुकडा बडोद्याभोवती, एक उत्तरेला कडीकडे, एक दक्षिणेला नवसारीला, तर एक पार काठेवाडात अमरेलीला. अगदी ठिगळांची गोधडी! मधूनमधून इंग्रजांचा मुलूख. नवसारी गाव गायकवाडांचं आणि तिथून जवळचंच दांडी इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यातलं. ही दांडी लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

१८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याला दत्तक गेला. तेच महाराज सयाजीराव. १८८१ च्या डिसेंबरात राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला आणि त्यांनी ठिकठिकाणची हुशार, शिकलेली माणसं आपल्या राज्यात गोळा करायला सुरुवात केली. अब्बास तय्यबजी बडोद्याच्या न्यायखात्यात होते, ते याच काळात.

तय्यबजींचं घराणं मूळ खंबायतचं, व्यापारी. शिक्षणाची मोठी हौस. अब्बासांचे काका बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर. ते १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्तीही झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती हेच. अब्बासही लहानपणीच विलायतेला गेले. अकरा वर्षं तिथे राहिले, बॅरिस्टर झाले आणि परत आले ते अगदी साहेब होऊन!

विलायतेत शिकलेल्या या बॅरिस्टरने संस्थानात नोकरी का केली असेल? याचं कारण पालकांनीही मुलांना जरूर सांगावं. इंग्रजी मुलखात मोठ्या जागा बहुतेक गोऱ्या साहेबांसाठीच राखलेल्या असत. न्यायमूर्ती रानड्यांसारखा विद्वान माणूस, पण त्यांना हायकोर्टात बसायला १८९३ साल उजाडलं. आणि मुख्य न्यायाधीश? मुंबई हायकोर्टाला पहिले कायमचे भारतीय मुख्य न्यायाधीश मिळाले ते एम. सी. छागला, १९४७ मध्ये! बडोद्यात मात्र अब्बास तय्यबजी त्याच्या कितीतरी आधी त्या खुर्चीपर्यंत पोचले होते. १९१३ साली ते निवृत्त झाले ते बडोद्याचे मुख्य न्यायाधीश म्हणूनच.

बडोद्याच्या या वरच्या कोर्टाला 'वरिष्ठ कोर्ट' म्हणत. तिथला निकाल पटला नाही तर दाद मागायची थेट महाराजांकडे, मुंबईला जायचं नाही. म्हणजे राजाच शेवटचा न्यायाधीश. अशा ठिकाणी न्यायाधीशाचं काम सोपं नसतं बरं का. राजाची मर्जी एकीकडे, रेसिडेंटची नजर दुसरीकडे, आणि पुढ्यात उभा असतो एखादा गरीब शेतकरी. तय्यबजींचा लौकिक असा की ते कुणाची भीड धरत नसत. त्यांची मतं ज्यांना पटत नसत तेही त्यांच्या सचोटीबद्दल चांगलंच बोलत.

त्या काळात बडोद्यात नवनवे कायदे होत होते. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला. १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड! (हे वाचून काहींचे चेहरे पडले असतील.) तय्यबजींनी स्वतःच्या घरातही नवे पायंडे पाडले. मोठ्या मुसलमान घरांतल्या बायका तेव्हा पडद्यात असत. यांनी पडदा बाजूला सारला आणि मुलींना शाळेत घातलं.

राजकारणात मात्र तय्यबजी फार सावध होते. पक्षितज्ज्ञ सलीम अली तुम्हाला ठाऊक आहेत ना? ते याच गोतावळ्यातले. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की इंग्रज बादशहाबद्दल कुणी जरा वावगं बोललेलं अब्बासांना खपत नसे, आणि सुरुवातीला गांधीजींची मतंही त्यांना मुळीच पटत नसत. इंग्रजांचा कायदा म्हणजे न्याय, असा त्यांचा पक्का विश्वास होता. जन्मभर ज्या खुर्चीत बसलो तिच्यावर माणसाचा विश्वास असणारच.

तो विश्वास तुटला १९१९ साली.

१३ एप्रिल १९१९, अमृतसर. जालियनवाला बागेत जमलेल्या निःशस्त्र लोकांवर जनरल डायरने गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसं मेली. खरा आकडा त्याहून बराच मोठा, असं लोक सांगत होते. पंजाबात काय काय घडलं हे शोधण्यासाठी काँग्रेसने एक समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, आपल्या पुणे विद्यापीठाचे पुढे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि अब्बास तय्यबजी. पासष्ट वर्षांचा हा निवृत्त न्यायाधीश पुन्हा साक्षीपुरावे ऐकायला बसला.

मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. भाषण ऐकून किंवा वर्तमानपत्र वाचून तय्यबजी बदलले नाहीत. जे काम त्यांनी बडोद्यात वर्षानुवर्षं केलं होतं तेच त्यांनी इथे केलं: समोरच्याचं शांतपणे ऐकायचं, खरंखोटं पारखायचं. समितीने सतराशेहून अधिक लोकांच्या जबान्या पाहिल्या. ज्या गोष्टीबद्दल थोडी जरी शंका असेल ती अहवालात घ्यायची नाही, असा दंडक होता. फटके खाल्लेले लोक आले. रस्त्यावर पोटावर सरपटायला लावलेले लोक आले. घरातला माणूस गमावलेले आले. हे सगळं करणारे कोण, तर ज्यांच्या कायद्यावर आपला विश्वास होता तेच! पुरावा इतका स्पष्ट असल्यावर या न्यायाधीशाने निकाल कुणाच्या बाजूने दिला असेल?

त्यानंतर तय्यबजी गांधीजींबरोबर राहिले ते अखेरपर्यंत. विलायती सूट गेले, खादी आली. घरातल्या परदेशी कापडांची होळी करायचं ठरलं तेव्हा उत्तमोत्तम चादरी, साहेबी कपडे, मुलींच्या रेशमी, मखमली टोप्या, सगळं बैलगाडीत भरून दिलं. (तुमची आवडती टोपी तुम्ही दिली असती का?) पहिल्या वर्गाने फिरणारे मुख्य न्यायाधीश आता तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसत, धर्मशाळेत जमिनीवर झोपत. १९२८ मध्ये बार्डोलीच्या शेतकऱ्यांच्या लढ्यात ते वल्लभभाई पटेलांच्या पाठीशी उभे राहिले.

आणि मग आलं मीठ. मीठ बनवायचा हक्क सरकारचा, त्यावर कर सरकारचा. समुद्रकाठच्या गरिबाने मूठभर मीठ उचललं तरी गुन्हा! ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. पुढचा बेत होता धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रह करायचा. आपल्याला अटक झाली तर पुढारी कोण, हे गांधीजींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणी तरुण गडी नव्हे, शहात्तर वर्षांचे अब्बास तय्यबजी!

४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना झोपेतून उठवून पकडलं. १२ मेला पांढऱ्या दाढीचे तय्यबजी स्वयंसेवकांना घेऊन धारासणाकडे निघाले. पोलिसांनी त्यांना वाटेतच अटक केली. शिक्षा झाली तीन महिन्यांची. मग सरोजिनी नायडू पुढे आल्या आणि २१ मेला धारासणाला सत्याग्रहींनी हात न उचलता लाठ्या खाल्ल्या. त्याची बातमी जगभर गेली.

त्या दिवशी कोर्टात काय चित्र असेल पाहा! ज्याने आयुष्यभर कायदा राखला, तोच कायदा मोडल्याबद्दल आरोपी म्हणून उभा. पण तय्यबजींना यात विसंगती वाटली नसावी, असं मला वाटतं.

एवढा मोठा माणूस, पण स्वभावाने अतिशय मिश्कील. गांधीजी आणि तय्यबजी एकमेकांना भेटले की नमस्काराऐवजी 'भर्रर्र!' असा आवाज करत. पत्रांतसुद्धा तेच. गांधीजी मायन्यात 'प्रिय भर्रर्र' असं लिहीत. एक महात्मा आणि एक माजी मुख्य न्यायाधीश! घरी आजीआजोबांना सांगून बघा, त्यांना खरं वाटणार नाही.

९ जून १९३६ रोजी मसुरीला अब्बास तय्यबजी वारले. गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकात त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्यांना गुजरातचे वंदनीय म्हातारबाबा म्हटलं. बडोद्याला कधी गेलात तर सूरसागर तलावाजवळची 'न्यायमंदिर' ही जुनी इमारत जरूर पाहा. सयाजीरावांच्या काळात, १८९६ साली, ती उभी राहिली. २०१८ मध्ये कोर्ट नव्या जागी गेलं, पण दगडविटांचं ते देखणं बांधकाम अजून तिथे आहे.