वारा किती आहे? पतंगस्वाराचा पहिला प्रश्न

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी आणि आश्वे हे एकमेकांना लागून असलेले दोन किनारे आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दुपार कलली, की तेथील वाळूवर मोठमोठे रंगीत पतंग फुगवले जाताना दिसतात. संक्रांतीच्या कागदी पतंगाशी त्यांचे साम्य नावापुरतेच. कापडाचे, हवा भरलेल्या कण्यांचे आणि सात ते चौदा चौरस मीटर क्षेत्रफळाचे हे पतंग वीस-पंचवीस मीटर लांबीच्या मजबूत दोऱ्यांनी स्वाराच्या कमरपट्ट्याला जोडलेले असतात. स्वाराच्या पायाखाली एक फळी असते आणि पतंगाच्या ओढीने तो लाटांवरून घसरत जातो. हाच काइटबोर्डिंगचा खेळ. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये फुगवता येणाऱ्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. चाळीस वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्से येथील समुद्रात या खेळाची पदके प्रथमच दिली गेली.

या खेळात उतरणाऱ्या प्रत्येकाला पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आज वारा किती आहे? या उत्तरावर पतंगाचा आकार ठरतो. पतंग गरजेपेक्षा लहान निघाला, तर स्वार पाण्यात बसून राहतो आणि वाऱ्याबरोबर वाहत जातो. तो मोठा निघाला, तर स्वार उचलला जाऊन वाळूवर किंवा खडकावर आदळू शकतो. वारा अचूक मोजणारी महागडी उपकरणे बाजारात मिळतात. परंतु टेबल टेनिसचा एक चेंडू, हातभर दोरा आणि सरावलेली नजर एवढ्यावरही हे काम पुष्कळसे साधते.

पाच नॉटचा फरक

समुद्रावर वाऱ्याचा वेग 'नॉट'मध्ये सांगण्याची प्रथा आहे. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. नवशिक्याला १५ आणि २० नॉटमधील फरक किरकोळ वाटतो. परंतु वाऱ्याचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १५ वरून २० नॉटवर गेला, तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो. त्याच पतंगाची ओढ मात्र पाऊणपटीहून अधिक वाढते. वारा १२ चा २४ नॉट झाला, तर ओढ चौपट होते.

म्हणूनच सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाचा स्वार १५ नॉटच्या आसपास बारा चौरस मीटरचा पतंग घेतो, २० नॉटला नऊ मीटरचा आणि २५ नॉटच्या पुढे सात मीटरचा. हे आकडे ढोबळ आहेत. स्वाराचे वजन, फळीचा आकार आणि त्याचे कौशल्य यांनुसार ते बदलतात. मात्र वाऱ्याच्या अंदाजात पाच नॉटची चूक झाली, तर पतंग एका मापाने चुकतो, एवढे त्यांवरून ध्यानात यावे.

बोफर्टची युक्ती

उपकरणाविना वारा ओळखण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. १८०५-०६ च्या सुमारास त्यांनी वाऱ्याची श्रेणी आपल्या वहीत नोंदवली. या मूळ श्रेणीत वाऱ्याच्या वेगाचा उल्लेखच नव्हता. इतक्या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे उभारता येतील, हा तिचा निकष होता. वारा किती वेगाने वाहतो यापेक्षा तो आपल्या शिडाचे काय करील, हे नाविकाला जाणून घ्यायचे होते. पतंगस्वाराचा प्रश्नही नेमका हाच आहे.

पुढे शिडांची जहाजे मागे पडली आणि श्रेणीला नवी वर्णने जोडली गेली. जमिनीवरील खुणा १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन यांनी निश्चित केल्या. याच सिम्पसन यांनी नंतर सिमल्यात हिंदुस्थानच्या हवामान खात्यात काम केले. समुद्राच्या रूपाची वर्णने त्यानंतरची. पतंगस्वाराच्या उपयोगाच्या पायऱ्या अशा आहेत:

श्रेणी ३ (७ ते १० नॉट) : पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका ध्वज पसरतो. समुद्रावर लाटांचे माथे फुटू लागतात, एखाददुसरा पांढरा तुरा दिसतो.

श्रेणी ४ (११ ते १६ नॉट) : धूळ व सुटे कागद उडतात, लहान फांद्या हलतात. पांढरे तुरे बऱ्यापैकी दिसू लागतात.

श्रेणी ५ (१७ ते २१ नॉट) : पालवी असलेली लहान झाडे डोलू लागतात. समुद्रभर पांढरे तुरे दिसतात.

श्रेणी ६ (२२ ते २७ नॉट) : मोठ्या फांद्या हलतात, तारांतून शीळ ऐकू येते, छत्री सावरणे कठीण होते. मोठ्या लाटा तयार होतात आणि फेसाचे माथे दूरवर पसरतात.

बहुतेक स्वारांचा खेळ चौथ्या आणि पाचव्या पायरीवर चालतो. सहावी पायरी अनुभवींची. त्यापुढे किनाऱ्यावर बसून पाहावे, हेच उत्तम.

नजर कुठे फसते?

पांढरे तुरे हा स्वस्तातला उत्तम वायुवेगमापक असला, तरी त्याला दोन व्याधी आहेत. पहिली प्रवाहाची. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी बाहेर धावत असते आणि वारा समुद्राकडून येत असतो. वारा व प्रवाह असे समोरासमोर आले, की लाटा उभ्या व आखूड होतात आणि कमी वाऱ्यातही पांढरे तुरे दिसू लागतात. उलट दोन्ही एकाच दिशेने वाहत असतील, तर चांगला वारा असूनही पाणी शांत वाटते. म्हणून खाडीच्या मुखाजवळील पाण्यावरून निष्कर्ष काढू नये. मुखापासून दूर, उघड्या समुद्राकडे पाहावे.

दुसरी व्याधी अधिक घातक आहे. लाट तयार होण्यासाठी वाऱ्याला पाण्यावरून बरेच अंतर कापावे लागते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर किनाऱ्याजवळचे पाणी आरशासारखे दिसते. तो जोरात असला, तरी त्याची खूण पाण्यावर दूर आत गेल्यावरच उमटते. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीवरून मतलई वारे समुद्राकडे जातात. हिवाळ्याच्या सकाळी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हे मतलई वारे जाणवतात. त्यांच्यावर भरवसा ठेवून पतंग उडवणारा स्वार पतंग पडताच खोल समुद्राकडे वाहत जाईल. सोबतीला बचावाची होडी नसेल, तर वेग कितीही सोयीचा असो, अशा वाऱ्यात उतरू नये. वेगाआधी दिशा पाहावी, हा या खेळातील पहिला नियम आहे. ती पाहण्यास चिमूटभर कोरडी वाळू पुरते.

चेंडू आणि दोरा

नजरेला आकड्याची जोड हवी असेल, तर घरच्या घरी एक साधन करता येते. मोठा कोनमापक घ्यावा. त्याची सरळ कड वर आणि कमान खाली येईल असा तो धरावा. केंद्रबिंदूपाशी सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचा बारीक शिवणाचा दोरा बांधावा आणि दुसऱ्या टोकाला टेबल टेनिसचा चेंडू पक्का करावा. वारा नसताना दोरा ९० अंशांच्या खुणेवर सरळ लोंबेल. वाऱ्यात चेंडू मागे रेटला जाईल आणि दोरा तिरका होईल. ९० च्या खुणेपासून तो जितके अंश सरकेल, तो आपला कोन.

यामागील तत्त्व सोपे आहे. चेंडूचे वजन त्याला खाली ओढते, वारा त्याला आडवा रेटतो आणि या दोन बलांच्या गुणोत्तरावर कोन ठरतो. प्रमाणित चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन २.७ ग्रॅम असते. त्यामुळे कोनावरून वेग गणिताने काढता येतो:

१० नॉट : सुमारे २० अंश
१५ नॉट : सुमारे ३९ अंश
२० नॉट : सुमारे ५५ अंश
२५ नॉट : सुमारे ६६ अंश
३० नॉट : सुमारे ७३ अंश

वेग वाढतो तसे कोनांतील अंतर कमी होत जाते, हे या आकड्यांवरून दिसेल. २५ नॉटच्या पुढे हे साधन मंदावते. परंतु तेथे नवशिक्याच्या निर्णयात फरक पडण्याचे कारण नाही. त्याने पतंग पिशवीतच ठेवावा. ही कल्पना नवीनही नाही. इटलीतील लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी पंधराव्या शतकाच्या मध्यास वाऱ्याने कलणाऱ्या पाटीच्या वायुवेगमापकाचे वर्णन केले होते. आज वेधशाळांच्या गच्चीवर दिसणारे फिरत्या वाट्यांचे यंत्र त्याहून चारशे वर्षांनी धाकटे. आयर्लंडचे टॉमस रॉबिन्सन यांनी ते १८४६ मध्ये तयार केले.

हातातले यंत्र आणि आकाशातला पतंग

हजार-दोन हजार रुपयांत मिळणारी, छोट्या पंख्याची हातातील यंत्रेही उपयोगी पडतात. मात्र त्यांची पडताळणी करून घ्यावी. वारा पडलेल्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या कोणाला तरी मोटार चालवायला सांगून यंत्र खिडकीबाहेर, गाडीच्या अंगापासून शक्य तितके दूर धरावे. मोबाइलवर गाडीचा वेग पाहावा. ताशी ३७ किलोमीटर म्हणजे २० नॉट. त्याच रस्त्याने उलट दिशेनेही जावे आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी. यंत्र किती कमी किंवा जास्त दाखवते, ते कळते. चेंडूच्या साधनाचीही हीच परीक्षा घेता येते.

वाळूवर मोजताना माडांच्या रांगेमागे, शॅकच्या आडोशाला किंवा उभ्या वाहनाजवळ थांबू नये. पाण्याच्या कडेला, वाऱ्याच्या वाटेत काही आड येणार नाही अशा जागी, हात डोक्याच्या वर करून मोजावे. एवढे करूनही एक फरक उरतो. जमिनीलगत वारा घर्षणाने मंदावतो. हवामानाचे अंदाज आणि बोफर्ट श्रेणीचे आकडे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचे असतात. दोन मीटरवर धरलेले साधन त्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी दाखवते. पतंग तर याहूनही वर असतो. हातात १५ नॉट दिसले, तर वर १८-१९ नॉट असतील, असे समजून चालावे.

सरासरी नव्हे, झोत

यंत्रावरचा एक आकडा पाहून समाधान मानणे, ही सर्वांत सामान्य चूक होय. वारा कधीच एकसारखा वाहत नाही. किमान तीन मिनिटे मोजत राहावे आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त असे दोन आकडे लक्षात ठेवावेत. १५ ते १८ नॉटमध्ये खेळणारा वारा सभ्य. १२ ते २२ मध्ये हेलकावे खाणारा वारा सरासरीने तेवढाच भरेल, परंतु त्याच्या झोतात ओढ तिपटीहून अधिक वाढते. अशा दिवशी पतंग वरच्या आकड्यानुसार निवडावा, किंवा निवडूच नये.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक धोका असतो. दुपारनंतर जमिनीवर काळे ढग जमून वळीव येण्याची चिन्हे दिसली, तर त्यांच्या पुढे धावणारा गार वारा काही मिनिटांत दिशा व वेग दोन्ही पालटतो. ही खूण कोणतेही यंत्र आधी दाखवत नाही. हवा एकाएकी गार झाली किंवा वाहता वारा अचानक पडला, की पतंग उतरवावा.

आधी अंदाज, मग मोजणी

विंडी किंवा विंडगुरूसारख्या संकेतस्थळांवरचे अंदाज फुकट मिळतात आणि ते अवश्य पाहावेत. हैदराबादचे 'इन्कॉइस' हे केंद्र समुद्रस्थितीचे अंदाज देते, हवामान खाते मच्छीमारांना इशारे देते, तेही वाचावेत. मात्र जागतिक प्रारूपे पृथ्वीचे साधारण ९ ते १३ किलोमीटरचे चौकोन कल्पून गणित मांडतात. किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातील खाऱ्या वाऱ्याचा खेळ त्यांच्या हाती पुरता लागत नाही. तेव्हा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील तफावत आपल्या किनाऱ्यापुरती आपणच शोधावी लागते.

त्यासाठी एक वही पुरेशी आहे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर प्रथम समुद्राकडे व झाडांकडे पाहून वाऱ्याचा आकडा मनाशी ठरवून लिहावा. नंतरच चेंडू किंवा यंत्र बाहेर काढावे. मोजलेला आकडा, वेळ, दिशा, भरती-ओहोटी आणि त्या दिवशीचा पतंग शेजारी नोंदवावा. हा क्रम उलटा करू नये. आकडा आधी पाहिला, तर नजर शिकत नाही. महिनाभर असे केले, की अंदाज आणि मोजणी यांतील अंतर कमी होत गेल्याचे वहीच सांगेल.

हा सराव का करावा, याचे कारण व्यवहारातले आहे. यंत्र वाळूवर राहते आणि स्वार पाण्यावर असतो. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत, दोन्ही हात पतंगाच्या दांड्यावर असताना, वारा वाढतो आहे की पडतो आहे, हे तेथील पाण्याकडे पाहूनच ओळखावे लागते. त्या वेळी नजर चुकली नाही, तर चेंडू-दोऱ्याचा खर्च वसूल झाला असे समजावे. आणि किनाऱ्यावरच शंका आली, तर लहान पतंग घ्यावा. शंका तरीही फिटली नाही, तर त्या दिवशी पतंग न फुगवता परत फिरावे.