घास जिथे अडला

एडिस इजिप्ती डासाची मादी रक्त पिते ते अंड्यांसाठी. १९६४ मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर या दोघांनी रक्त प्यायलेल्या माद्यांच्या अंडपेशींचे पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. उपाशी मादीच्या अंडपेशीवर खळगे तुरळकच होते. पोटात रक्त गेल्यावर सात तासांच्या आत ते पंधरापटीने वाढले. प्रत्येक खळग्याच्या बाहेरच्या अंगाला बलकाचं प्रथिन चिकटलेलं आणि पेशीकडच्या अंगाला कुसळांचं अस्तर. खळगा खोल होत जातो, त्याचं तोंड मिटतं आणि त्याची पुटिका बनून माल आत जातो, असा अर्थ त्यांनी या चित्रांतून लावला.

पेशी बाहेरचं काही आत घेते, हे तेव्हाही नवं नव्हतं. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि त्याभोवती गोळा झालेल्या भटक्या पेशी पाहिल्या. त्यांच्या भक्षकपेशींच्या सिद्धांताची सुरुवात तिथली. वॉरन लुइस यांनी १९३१ मध्ये पेशी भोवतालच्या द्रवाचे थेंब कसे पिते ते नोंदवलं. या साऱ्याला ‘एंडोसायटोसिस’ हे एकत्र नाव क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९६३ मध्ये दिलं. मात्र पेशी नेमका हवा तोच माल कसा उचलते आणि खळगा तुटतो कसा, हे पुढच्या साठ वर्षांत उलगडलं. त्या वर्षांकडे मागे वळून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. ही यंत्रणा चालू असताना दिसली, पण कळली ती बहुतेकदा बंद पडली तेव्हाच.

डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन १९७२-७३ पासून एका आनुवंशिक आजाराच्या मागे लागले होते. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल इतकं साठतं की लहान वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. बऱ्याच रुग्णांच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पकडणारा रिसेप्टरच नव्हता किंवा निकामी होता. एका रुग्णाच्या पेशी मात्र वेगळ्या निघाल्या. त्या एलडीएल व्यवस्थित पकडत, पण आत घेत नसत. रिचर्ड अँडरसन यांच्या मायक्रोस्कोपने कोडं सोडवलं. निरोगी पेशीत हे रिसेप्टर अस्तर असलेल्या खळग्यांत जमलेले असतात, तर या पेशींत ते सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेले होते. पकडणं आणि आत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे १९८६ मध्ये दोष सापडला तो रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीत, टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागी सिस्टीन आल्याचा. तोवर ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालेलं होतं.

खळग्यांचं अस्तर कशाचं, हे केंब्रिजमध्ये बार्बरा पीअर्स यांनी दाखवून दिलं. डुकराच्या मेंदूतून अशा पुटिका शुद्ध करताना त्यांना त्यात मुख्यतः एकच मोठं प्रथिन आढळलं, क्लॅथ्रिन. त्याचे तीन पायांचे रेणू एकमेकांत गुंतून पंचकोन आणि षटकोनांची जाळी विणतात.

खळगा तुटतो कसा, हे सांगितलं एका फळमाशीने. शिबिरे नावाच्या उत्परिवर्तित माश्या नेहमीच्या तापमानाला ठणठणीत असतात. पारा ३० अंशांच्या आसपास नेला की त्या पाहता पाहता लुळ्या पडतात आणि गारव्यात आणल्या की पुन्हा चालू लागतात. त्यांच्या मज्जातंतूंच्या टोकांशी संदेशवाहक पुटिकांचा साठा संपलेला आणि खळगे मानेपाशी अडकून बसलेले दिसले. मान आवळून खळगा तोडणारं प्रथिन म्हणजे डायनामिन, आणि शिबिरे जनुक त्याचंच, हे १९९१ मध्ये स्पष्ट झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनीही अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर दीर्घकाळ काम केलं.

मग डायनामिन बंद म्हणजे वाट बंद, असंच का? बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) सत्यजित मेयर यांच्या गटाने २००२ मध्ये याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं. शेफाली सभरंजक या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका. पेशीच्या पटलाला मेदाच्या खुंटीने टांगलेली काही प्रथिनं क्लॅथ्रिन आणि डायनामिनशिवायच, निराळ्या वाटेने आत जात होती.

पेशीला एकाहून अधिक वाटा असतात याची किंमत २०२० मध्ये कळली. पेशीने गिळलेल्या पुटिकांतलं आम्लच काही विषाणूंना आतून बाहेर पडायला मदत करतं, हे आरी हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं. क्लोरोक्विनसारखी औषधं ते आम्ल कमी करतात. माकडाच्या मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत त्यांनी कोरोना विषाणूलाही रोखलं आणि आशा वाढली. आपल्याकडे मार्चमध्ये आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेण्याचा सल्लाही दिला गेला. पण फुप्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ हे एन्झाइम असतं. त्याच्या मदतीने विषाणू पृष्ठभागावरूनच आत शिरत होता, गिळला जाण्याची वाट पाहत नव्हता. मोठ्या चाचण्यांत रुग्णांना या औषधाचा फायदा दिसला नाही.

त्याच साथीत आलेल्या एमआरएनए लसींना मात्र गिळलं जाणंच हवं असतं. मेदाचे सूक्ष्म कण आरएनए घेऊन पुटिकेत पोहोचतात, तिथून निसटतात आणि मगच प्रथिन बनू लागतं. निसटणं फार अवघड आहे. २०१३ मध्ये अशाच कणांनी नेलेल्या लहान आरएनएचा माग काढला, तेव्हा जेमतेम एक ते दोन टक्के पेशीद्रवात पोहोचलेले आढळले. बाकीचा माल तिथवर पोहोचलाच नाही. लसीला इतकंही पुरतं, कारण थोड्या आरएनएपासून पुष्कळ प्रथिन बनतं. पण जिथे रोज आणि शरीरभर औषध पोहोचवायचं आहे, तिथे हा हिशोब परवडत नाही. म्हणून या क्षेत्रातले संशोधक आज कण आत कसा घालायचा यापेक्षा पुटिकेतून बाहेर कसा काढायचा, यावर अधिक डोकं खपवत आहेत. डॅलसच्या त्या रुग्णाच्या पेशींत माल दाराबाहेर अडला होता, आता तो दाराच्या आत अडतो आहे. आजवरचा अनुभव पाहता, पुढचा धडाही याच अडथळ्यातून मिळेल.