दुष्काळाने आणलेली गाडी

साताऱ्याच्या स्टेशनावर उतरले की सातारा दिसत नाही. गाडी माहुलीच्या बाजूला थांबते, शहर तिथून सहा-सात किलोमीटरवर. उतरलेली माणसे बोचकी सावरत रिक्षा गाठतात. सांगलीत उलटा प्रकार आहे. भर गावात स्टेशन चौक आहे, तिथे सभा होतात, मोर्चे निघतात. पण गाडी पकडायला दुसरीकडे जावे लागते, कारण मीटरगेजच्या काळातले स्टेशन तिथून कधीच हलले, नाव तेवढे मागे राहिले.

उत्तर हिंदुस्थानात जुन्या शहरांची स्टेशने शहराची ओळख मिरवतात. लखनौच्या चारबागचे घुमट आणि छत्र्या पाहिल्या की स्टेशन कुठले आणि नवाबाचा वाडा कुठला, असा प्रश्न पडावा. आपल्या मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तर जागतिक वारशाच्या यादीत आहे. सातारा-सांगलीच्या वाट्याला असे काही आले नाही. पुणे ते मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा मार्ग. त्यावर जुनी म्हणून जी स्टेशने उरली, ती ठेंगणी, कौलारू, दगडी भिंतींची. वारशाच्या यादीत त्यांना कोणी बसवणार नाही. तरीही या मार्गाइतका इतिहास अंगावर वागवणारे रूळ महाराष्ट्रात थोडे असतील, असे मला वाटते. या इतिहासात घुमट नाहीत. त्यात पाणी आहे, आणि पाण्याची वाण आहे.

सुरुवातच दुष्काळातली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. एकीकडे धान्य होते आणि दुसरीकडे माणसे उपाशी मरत होती, कारण ते पोचवायला साधन नव्हते. पुढे सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवा, असा आग्रह धरला. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली ती याच लाटेत. खर्च कमी यावा म्हणून रुळांतले अंतर एक मीटर ठेवले. १८९० पर्यंत पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंत गाडी धावू लागली.

ही गाडी राजधान्यांना भेटायला आली नव्हती. नीरा, लोणंद मागे टाकून ती अदरकीचा घाट चढली, वाठारला आली आणि कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड करत कृष्णाकाठाने खाली उतरली. सातारा बाजूलाच राहिला. साताऱ्याच्या प्रवाशांसाठी पाडळीजवळ जे स्टेशन झाले त्याचे नाव सातारा रोड, आणि तिथून शहर दहा मैल. महाबळेश्वरला हवा खायला निघालेले साहेब वाठारला उतरून टांग्याने वाई-पाचगणीचा रस्ता धरत. स्टेशनासाठी गाव नव्हते तिथे स्टेशनामुळे गाव झाले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगरांचा, पुढे डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले हेच ते कूपर. ब्रॉडगेज आली तेव्हा मार्ग साताऱ्याच्या जवळ सरकला आणि सातारा रोडची गाडी गेली.

या मार्गावरचे सर्वात मोठे स्टेशन कोणते, असे विचारले तर कोणीही मिरज म्हणेल. मी मसूर म्हणेन.

१९०१ सालची गोष्ट. सुभेदार रामजी आंबेडकर तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. सुट्टीत साताऱ्याहून त्यांच्याकडे जायला भीमराव आणि घरातली इतर मुले निघाली. भीमरावांचे वय नऊ. सगळ्यांना नवे कपडे शिवले होते, डोक्यावर जरीच्या टोप्या होत्या. टांगा करून ती दहा मैलांवरच्या स्टेशनात आली, तिकिटे काढली आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, वडिलांना पत्रच मिळाले नव्हते. फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तरांनी येऊन आस्थेने चौकशी केली, कोणाची मुले, कुठे जायचे. पोशाखावरून त्यांना ती वरच्या जातीची वाटली असावीत. मुलांनी सरळ सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते आत निघून गेले.

पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आहे. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात, विटाळ होईल म्हणून. अखेर मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. बरोबर घरचा डबा होता, भूक होती, पण प्यायला पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर, गाडीवानाच्या सल्ल्याने, आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले. नाकेदाराने तरीही पाणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली.

हा मजकूर वाचताना माझे लक्ष दर वेळी एकाच गोष्टीवर जाते. गाडीत या मुलांना कोणी अडवले नव्हते. तिकिटाचे पैसे दिले, डब्यात बसली, मसूरपर्यंत इतर उतारूंसारखी उतारू होती. रूळ संपले आणि रस्ता सुरू झाला तिथे जात आडवी आली. आगगाडीने काय बदलले आणि काय बदलले नाही, याची हद्द मसूरच्या फलाटावर इतकी स्वच्छ आखलेली आहे की समाजशास्त्राचा ग्रंथही ती याहून नीट दाखवू शकणार नाही. आणि वडील ज्या कामावर होते ते तलावाचे होते, हेही विसरता येत नाही.

मसूरहून पुढे कऱ्हाड आणि मग शेणोली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवली गेली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेची ही कामगिरी. पुढारी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली, ती मागे फिरू नये म्हणून पाठीमागेही दगड टाकले. हाती आलेली रक्कम चळवळीत गेली. ही लूट नव्हती, ब्रिटिशांनी लोकांकडून नेलेला पैसा लोकांकडे परत आणला, असे कॅप्टन भाऊ शेवटपर्यंत सांगत राहिले.

हे दोघेही कुंडलचे. कुंडल रोड नावाचे स्टेशन याच मार्गावर होते, आज त्याला किर्लोस्करवाडी म्हणतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी या स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ दिला. निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई, एवढेच त्या माळावर होते. १९१० मध्ये तिथे लोखंडी नांगराचा कारखाना आणि कामगारांची वसाहत सुरू झाली. जड ओतीव माल बाहेर पाठवायचा तर दारात मालगाडी हवी. म्हणून स्टेशनालगतचा माळ, पिकाची जमीन नव्हे. पुढे याच वाडीने देशभर पाणी उपसणारे पंप पुरवले.

आणि मग मिरज. कोल्हापूर संस्थानाने १८९१ मध्ये मिरजेपर्यंत स्वतःची रेल्वे आणली. सांगली संस्थानाने १९०७ मध्ये आपला छोटा फाटा जोडला. बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज पंढरपूरहून १९२७ मध्ये आली. १९७१ च्या सुमारास पुणे आणि कोल्हापूरकडून ब्रॉडगेज झाली, बेळगावकडे मीटरगेजच राहिली. त्यामुळे कित्येक वर्षे मिरजेत तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदले. एका मापाच्या वाघिणीतले पोते दुसऱ्या मापाच्या वाघिणीत जायचे तर ते हमालाच्या पाठीवरूनच. हळद असो, गूळ असो, एक फळी टाकायची, डोक्यावर गोणपाटाची खोळ घ्यायची आणि दिवसभर या दारातून त्या दारात. या गाड्यांनी वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात दूरदूरचे रोगी आणले, दर्ग्याच्या उरुसाला गवई आणले. अब्दुल करीम खाँसाहेबांना २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर, तमिळ मुलखातल्या सिंगापेरुमाळकोइल स्टेशनावर मृत्यू आला. दफन मात्र मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले. तेव्हा पाणी द्यायला पुढे आले ते मिरज. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात टँकर वाघिणी आतून धुऊन घेतल्या, कृष्णेचे पाणी रेल्वेच्या जुन्या हैदरखान विहिरीच्या केंद्रातून नळाने स्टेशनाच्या आवारात आणले आणि एकेक वाघीण भरत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी चढवले. ११ एप्रिलला निघालेली गाडी सुमारे ३४२ किलोमीटर जाऊन १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. नंतर वाघिणी पन्नास झाल्या, पाणी पंचवीस लाख लिटर. गाडी ज्या पंढरपूर-कुर्डुवाडीच्या वाटेने गेली ती मुळात बार्शी लाइटची, ब्रॉडगेज होऊन फार वर्षे झाली नव्हती. दुष्काळात धान्य पोचावे म्हणून जिचा आग्रह धरला गेला, त्या रेल्वेने सव्वाशेहून अधिक वर्षांनी पाणी पोचवले.

आता या मार्गाचे दुहेरीकरण होते आहे, विजेच्या तारा आल्या आहेत, फलाट उंच आणि लांब होताहेत. हे सगळे हवेच आहे. क्रॉसिंगसाठी तास तास खोळंबलेल्या कोयना एक्सप्रेसच्या उतारूंना विचारा. पण नवी इमारत बांधताना जुनी पाडायची असेल तर आधी तिथे काय घडले ते पाहा, एवढे मागणे आहे. शेणोलीला, मसूरला, किर्लोस्करवाडीला, मिरजेच्या पाणी भरण्याच्या जागी, फलाटावर उभ्या माणसाला वाचता येईल अशा ठळक मराठीत ती ती हकीकत लिहिलेली असावी. आणि ७ नोव्हेंबरला, म्हणजे भीमरावांनी साताऱ्याच्या शाळेत पाऊल ठेवले त्या १९०० मधल्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात विद्यार्थी दिवस पाळला जातो त्या दिवशी, साताऱ्याच्या शाळांनी मुलांना पॅसेंजरने मसूरला न्यावे. फलाटावर बसवून बाबासाहेबांची ती आठवण मोठ्याने वाचून दाखवावी, आणि मग सगळ्यांना तिथल्याच नळाचे पाणी पाजावे.