चिलरचा लाल दिवा काय सांगतो?



ऊस सोडून शेतकी खात्याला हे कुठले खूळ, असे काही जण म्हणतील. पण उसाचे बिल हप्त्याने येते आणि घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर, हे आपण सर्व जाणतो. ते दूध रात्रभर टिकते गावच्या दूध संस्थेतील चिलरवर.

मागे एका वैशाखात बेणेमळ्यांची पाहणी करून आम्ही संध्याकाळी एका गावच्या दूध संस्थेत चहाला थांबलो होतो. चिलरच्या पॅनेलवर लाल दिवा लागला होता आणि खाली ‘एच. पी. ट्रिप’ अशी अक्षरे आली होती. यंत्रावरच्या पोराने रिसेटचे बटण दाबले. यंत्र पाच मिनिटे चालले, बंद पडले. त्याने पुन्हा दाबले. आमच्या देखत असे चार वेळा झाले. विचारले तर म्हणाला, “साहेब, लाल दिवा लागला की हे बटण दाबायचं, एवढंच फिटर सांगून गेलाय.”

आम्ही चहा पिऊन निघालो. आमची पदविका शेतीची, यंत्रातले आम्हालाही तेव्हा काही कळत नव्हते. त्या रात्री कॉम्प्रेसरचे वाइंडिंग जळाले, टाकीतले दूध नासले आणि त्याची झळ सभासदांच्या पगाराला बसली. कारण काय निघाले? शेजारी कडबाकुट्टीचे यंत्र होते. त्याचा भुसा पंख्याने ओढला जाऊन कंडेन्सरची जाळी गच्च भरली होती. एका ब्रशचे काम होते. पुढे आम्ही रेफ्रिजरेशनच्या जाणकार मिस्त्रींकडे बसून हा विषय समजून घेतला, तोच येथे मांडत आहोत.

मुळात चिलर थंडी तयार करीत नाही. मोटेने विहिरीतले पाणी उपसून पाटात सोडावे, तशी तो दुधातली उष्णता उपसून बाहेरच्या हवेत सोडतो. थंड पाणी दुधाची उष्णता घेते, पाण्याकडून ती गॅस घेतो, कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि कंडेन्सरच्या जाळीतून पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. धारेचे दूध ३५ अंशांच्या पुढे असते, ते ४ अंशांवर आणायचे म्हणजे हा उपसा थोडाथोडका नव्हे.

आता एच. पी., म्हणजे हाय प्रेशर. आर-२२ गॅस ४५ अंशाला थंडावत असेल तर दाब चौरस इंचाला सुमारे २३५ पौंड असतो. जाळी तुंबली, उष्णता बाहेर पडेना आणि तोच गॅस ६० अंशावर गेला की दाब ३४० पौंडांच्या घरात जातो. मग दाबाचा स्विच यंत्र बंद करतो. म्हणजे बिघाड कॉम्प्रेसरमध्ये नसून बाहेर आहे: जाळी घाण, पंखा बंद, पंख्याचा पट्टा सैल, किंवा यंत्र अशा कोंदट खोलीत की तीच गरम हवा फिरून आत येते. क्वचित गॅस जादा भरलेला असतो. मेन स्विच काढून मऊ ब्रशने, मग आतून बाहेर पाणी मारून जाळी धुवावी. पत्र्याच्या पात्या वाकवू नयेत. फडाशेजारच्या संस्थांना आणखी एक सांगणे: पाचटाची काजळीसुद्धा याच जाळीत बसते. पाचट जाळू नका म्हणून आम्ही ओरडतो, त्याला हे एक जादा कारण मिळाले!

‘एल. पी.’ म्हणजे लो प्रेशर. हा संदेश आला की गावोगाव एकच निदान होते, “गॅस संपला.” गॅस डिझेलसारखा खपत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता दर दोन महिन्यांनी गॅस भरणारा फिटर आपले पैसे हवेत सोडतो. सांध्यावर तेलाचे ओशट डाग दिसतात का बघा, साबणाचे पाणी लावा. आणि गॅसवर जाण्याआधी पाण्याचा पंप चालू आहे ना, गाळणी तुंबली नाही ना, हेही पाहा. पाणी फिरेना झाले तरी दाब पडतो.

पाणी थांबल्याचा ‘फ्लो’ आणि गोठण्याचा ‘फ्रीज’ हे संदेश सर्वांत गंभीर समजावेत. पाणी गोठले की फुगते, आतील नळी फुटते, पाणी गॅसच्या बाजूला शिरते आणि मग दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र बरे म्हणायची पाळी येते. दूध लवकर गार व्हावे म्हणून तापमानाचा आकडा मनाने खाली ओढणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. तो आकडा मिस्त्रीशिवाय हलवू नये.

फेजचे संदेश आपल्याला शिकवायला नकोत. विहिरीवरच्या मोटारीने ते शिकवले आहेत. डी. पी.वर काम होऊन वीज आली आणि ‘फेज रिव्हर्स’ दिसले, तर फेजची अदलाबदल झाली आहे. वायरमन बोलवावा. विहिरीवर प्रिव्हेंटरला वळसा घालून मोटार चालवायची आपली सवय येथे मात्र आणू नका. चिलरच्या कुठल्याही स्विचला तार जोडून तो मुका करणे म्हणजे राखणीचे कुत्रे बांधून ठेवून चोराला वाट देणे होय.

वीज परत आल्यावर ‘डिले’ दिसून यंत्र काही मिनिटे गप्प राहते. तो बिघाड नव्हे, कॉम्प्रेसरला घातलेली सक्तीची विश्रांती आहे. वाट पाहावी.

एकामागून एक तीन-चार संदेश आले तर शेवटचा नव्हे, पहिला महत्त्वाचा. पंप बंद पडतो, मग फ्लो, मग एल. पी. आणि दिसणारे नाव कधी कधी एल. पी.चे! म्हणून रिसेटला हात लावण्याआधी वेळ, संदेश, दोन्ही दाब आणि पाण्याचे तापमान वहीत लिहावे. कारण शोधून रिसेट एकदा करावा. पुन्हा पडले तर बटण सोडून मिस्त्रीला निरोप द्यावा आणि जमलेले दूध लगेच शीतकेंद्राकडे पाठवण्याची गाडी बघावी.

वहीचे रकाने आखलेला नमुना प्रत्येक गट कार्यालयात ठेवला आहे. संस्थेच्या सचिवांनी तो घेऊन जावा, आणि पॅनेलशेजारी दोरीने पेन्सिल बांधून ठेवावी.