वाळवी लागली म्हणजे करार सुटला?

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागायच्या सुमारास इथल्या बंगल्यांत दिव्याखाली पंखांचा सडा पडतो. मग कपाटामागे मातीच्या रेघा दिसतात आणि भाडेकरू ठरवून टाकतो: घर राहण्याजोगं नाही, करार आपोआप संपला.

तसं होत नाही. कीड लागली की करार रद्द, असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०८ सुटका देतं, पण आग, वादळ, पूर अशा अनावर संकटानं जागा कायमची निकामी झाली तर. आणि तेही भाडेपट्ट्याला. आपले करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचे. इंग्लंडात १८४३ मध्ये ब्रायटनच्या एका सुसज्ज घरात ढेकूण निघाले. तिथल्या न्यायालयानं भाडेकरूचं घर सोडणं योग्य ठरवलं. हा दाखला ऐकायला झकास, मावळात त्यावर विसंबून चालणार नाही.

खरी कळ वेगळीच आहे: मालकाला आधी माहीत होतं का? सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ५७ म्हणतं, जिवाला किंवा सामानाला धोकादायक ठरेल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकानं तो सांगायलाच हवा. पोखरलेल्या चौकटीवर रंग चढवून घर दिलं असेल, तर हे कलम कामी येतं. झुरळांसाठी ते ताणू नये. म्हणून तारखेसह फोटो, पेस्ट कंट्रोलवाल्याचा लेखी अहवाल आणि मालकाला लेखी कळवणं, एवढं आधी करा. त्यानं महिनाभर काहीच केलं नाही, तर तेही कागदावर राहतं.

‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ मुदत पाहत नाही. नोंदणी मालकाची जबाबदारी. ती नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात!

लॉक-इनमध्ये, म्हणजे करार सोडायचा नाही असं ठरलेल्या मुदतीत, निघालात म्हणून उरलेलं सगळं भाडं आपसूक देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. त्याआत वाजवी भरपाई. नोटिशीचा कालावधी मात्र पाळा.

आणि डिपॉझिट मिळेपर्यंत कुलूप आपलंच, हा हट्ट महागात पडतो. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली दुप्पट दरानं भरपाई वसूल होते. चावी द्या, लेखी पोच घ्या, डिपॉझिटसाठी वेगळी नोटीस पाठवा.